नवरा चालत नाही

"हिला काय विचारता, मला विचारा की!" काकांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस जुळे सोलापुरात सापडायचा नाही. डॉक्टरांनी काकूंना विचारावं, कुठं दुखतंय? काका पोटावर हात ठेवून सांगणार, "हितं." स्वतःच्या पोटावर हां! काकू नुसत्या बघायच्या.

दुधनी गावातलं आडत दुकान मुलाला देऊन काका इकडं राहायला आले आणि शेअरच्या नादी लागले. खातं मात्र काकूंच्या नावावर. कुणाच्या तरी सांगण्यावरून कसलीशी भलतीच खरेदी-विक्री केली आणि बाजाराच्या नियामकानं दंड ठोकला तो काकूंना. अपील करायचं म्हणून दोघं सात रस्ता चौकातल्या माझ्या ऑफिसात आले. मी सीए.

"बोलणार मीच," काकांनी जाहीर केलं.

"तुम्हाला नाही बोलता येणार. एकतर काकू स्वतः, नाहीतर वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी असं कुणीतरी."

"आणि नवरा?"

"नवरा चालत नाही, काका."

"अय्यो! असला कसला कायदा? लगीन लावून आणलंय की!"

त्यांनी मला नियम पुन्हा वाचायला लावला. नवरा त्यात नव्हताच, मी तरी काय करू!

सुनावणी माझ्याच ऑफिसातून, कॉम्प्युटरवर झाली. मी सगळी तयारी करून बसलेलो, तर काकू म्हणाल्या, "मी बोलते." आणि बोलल्यासुद्धा. "खातं माझं हाय, पण शेअर म्हंजे काय ते मला कळत न्हाय. सगळं ह्यांनी केलं." मी ते इंग्रजीत सांगितलं आणि हळूच काकांकडे पाहिलं. राग होता, लाज होती की कौतुक, देव जाणे. मला आजही उलगडलेलं नाही. जाताना काकूंची पिशवी मात्र त्यांनी घेतली.

काकूंचा दंड रद्द झाला. पुढं व्हायचं तेच झालं. नोटीस आली आणि दंड झाला, या खेपेला काकांना. अपिलासाठी ते एकटेच आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझ्या वतीनं कोण बोलंल, सर?"

"मी आहे की."

"तुमी हाय ओ, पण... ही चालंल का? लई चांगलं बोलली ती."

हसावं की रडावं मला कळेना. "बायकोही चालत नाही, काका."

अपिलाची तारीख लागायच्या आधीच काका गेले. फार वाईट वाटलं.

दिवसकार्य उरकल्यावर काकू आल्या. मी त्यांना सांगितलं की वारस म्हणून हे अपील आता त्यांनीच चालवायचं. त्या गोंधळल्या.

"म्हंजे ह्यांच्या वतीनं मी बोलायचं?"

"हो."

"आता चालतंय?"

"आता चालतं, काकू."



"आता काय बोलू ओ? मागंच सांगून बसले की मी, सगळं ह्यांनी केलं म्हणून."