विहिरीपर्यंत न पोचलेलं पाणी

शिरपूरच्या गाडीच्या कंडक्टरने शाळेच्या फाटकाशीच निरोप दिला, "बाई, तुमच्या काकू गेल्या." मी वर्गात जाऊन हजेरी घेतली. रडू फुटलं ते पाचव्या दिवशी, तिच्या घरी पाणी गाळताना. त्यालाही आता महिना होत आला...

काकू म्हणजे आमच्या जैन घरातलं कडक प्रकरण. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कोणाला मिळायचा नाही. फडक्यात अडकलेले जीव धुऊन छोट्या गडव्यात घ्यायचे, गडवा दोराने विहिरीत सोडायचा आणि पाण्याला टेकला की हलकेच उलटा करायचा. वरून ओतलेलं तिला खपत नसे. "त्याइले घरापर्यंत पोचवा लागते, शकू," म्हणायची. मला हसू यायचं.

काचबिंदूने तिचा डावा डोळा कधीच नेला होता. उजव्यात बांगडीएवढा उजेड उरला होता. तो वाचवायला तीन वर्षांपूर्वी अकोल्याला ऑपरेशन केलं. "वाकायचं नाही, जोर करायचा नाही," डॉक्टरांनी मलाच बजावलं. आठवड्याने पट्टीसकट तिला शिरपूरला घरी आणली आणि पाण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस विहिरीवर गेले. तिसऱ्या दिवशी कंटाळा केला, फडकं मोरीतच झटकलं. ओसरीवरून काकूचा आवाज आला, "शकू, पानी कोठी टाकलं?"

"विहिरीत."

पट्टी डोळ्यावर होती, कानावर नाही, एवढंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी चुलीपाशी असताना ती भिंत चाचपत विहिरीवर गेली. कठड्यावर पोट टेकवून, मान खाली घालून गडवा सोडायला लागली. किंकाळी ऐकून धावले, तर पट्टीवर हात दाबून खाली बसलेली, ओकाऱ्या थांबेनात. अकोल्याला पट्टी सोडली तेव्हा डोळा आतून रक्ताने भरला होता. "ऑपरेशनने दाब एकदम उतरवलेल्या जुनाट डोळ्यात वाकलं की आतली शीर फुटते... क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. उजेड गेला तो गेलाच.

मी खोटं बोलले, हे काकूने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. अकोल्याहून परतताना एसटीत मला हुंदका आवरेना, तेव्हा म्हणाली, "काहून रडून राह्यली? पानी तं पोचलं ना विहिरीत?"

मी हो म्हटलं. खरं तर गडवा कठड्यावरच आपटून सांडला होता...

तो पोचे पडलेला गडवा मी वाशीमला आणलाय. घरी नळ आहे, तरी शाळेआधी पाणी गाळायला शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाते. वाकते. गडवा पाण्यात उलटा झालेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठत नाही.