वहिनीची कोरी चादर

हे मी नऊ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण आता जीभ अडखळत नाही. फारशी नाही.

तलासरीजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. माझा दादा डहाणूला, रेल्वेत. नऊ वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "चादर कोरीच आहे गं. तू नर्स — तुला कळतं ना यातलं?"

कळत होतं. चांगलंच कळत होतं. लोक ज्याला पडदा म्हणतात, तो काही दार लावल्यासारखा बंद नसतो. योनीच्या तोंडाशी असलेली ती एक पातळ, ताणली जाणारी घडी. मधे जन्मापासूनच वाट असते — नाहीतर पाळीचं रक्त बाहेर येणार कुठून? कुणाची चंद्रकोरीसारखी, कुणाची गोल कड्यासारखी, कुणाची झालरीसारखी, तर कुणाची असून नसल्यासारखी. पहिल्या वेळी कधी रक्त येतं, पुष्कळदा येतही नाही. त्यावरून बाईबद्दल काहीही ठरवता येत नाही.

एवढं सांगायला किती वेळ लागला असता? आणि मी काय म्हणाले — "मी काय सांगू, आई."

लाजले म्हणून? छे. रोज बायकांशी हेच बोलते मी. खरं सांगू? वहिनी एम.एस्सी., देखणी, आल्या आल्या सगळ्यांची लाडकी — मला ती खुपत होती. तिचा तोरा जरा उतरेल, असं वाटलं. वाटलं, आणि बरं वाटलं.

मग नऊ वर्षं आईचे टोमणे. वहिनी चिंचणीला माहेरी निघाली की "कुणाला भेटायला?" दादा मान खाली घालून जेवायचा. मीही जेवायचे, त्याच पंगतीत.

गेल्या महिन्यात डहाणूला गेले, तिघांना समोर बसवलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं आकार काढून दाखवले. मग म्हटलं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आई उठून आत गेली. दादा वहिनीकडे बघत राहिला.

वहिनी म्हणाली, "मलाही ठाऊक होतं, ताई. पण माझं कोण ऐकणार? तुम्ही आलात की दर वेळी वाटायचं, आज सांगतील."

परतीच्या बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली, की तलासरीला कंडक्टरनं उठवलं. फार हलकं वाटतंय मला. तिला काय वाटतंय, ते मी विचारलेलं नाही.