भावोजींचा दुसरा खेळ

आमच्या भावोजींइतका गोंधळलेला यशस्वी माणूस लालबागपासून माटुंग्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. अपयशाने गोंधळलेले पुष्कळ असतात. हा माणूस एकदा यश मिळालं तेव्हा जो गोंधळला, तो अजून सावरलेला नाही.

त्यांची आणि आमची ओळख नळावरची. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या घरात शिकलेलं कोणी नव्हतं आणि आता कमावतंही कोणी राहिलं नाही. आईने दोन मजल्यांवरच्या बिऱ्हाडांचं पाणी भरायचं काम धरलं. पहाटे पाणी यायचं, तासाभरात जायचं. तेवढ्या वेळात ती लोकांची पिंपं भरायची आणि आमची कळशी सगळ्यांत शेवटी लावायची. त्या पाण्यावर मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. तर त्या रांगेत आईच्या मागे समोरच्या खोलीतला एक लांबुडका मुलगा दोन बादल्या घेऊन अर्धवट झोपेत उभा असायचा. तेच आमचे भावोजी. अर्थात, ताईशी लग्न व्हायला तेव्हा बराच अवकाश होता.

पुढे डिप्लोमा अर्ध्यावर सोडून ते मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागले. तिथे त्यांनी मासळीबाजाराचा खेळ केला. बर्फ वितळायच्या आत गिऱ्हाइकांशी घासाघीस करून पाटी रिकामी करायची, एवढाच खेळ. कच्चा असताना तो ते रोज आईच्या हातात द्यायचे आणि भिंतीला टेकून गप्प उभे राहायचे. खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, नुसता त्याचा अंगठा बघायचा, असा त्यांचा नियम होता. आईने तोवर फोन फक्त कानाला लावलेला. दोन मिनिटांत ती तो परत त्यांच्या अंगावर टाकायची. “मेल्या, तुझा गिऱ्हाईक येयपर्यंत माझो भात करपतलो.” दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक लवकर यायचं. मग आईचं म्हणणं यायचं की एवढ्या लवकर पैसे काढून देणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलेलं नाही. असं कित्येक महिने चाललं. खेळ बाहेर पडला आणि जो तो तोच खेळू लागला. माहीमच्या बाजारात खऱ्या कोळणी खरी पाटी समोर ठेवून मांडीवरच्या फोनमध्ये खोटी मासळी विकताना मी पाहिल्या आहेत.

मग ताईशी त्यांचं लग्न झालं, आणि दोन-तीन वर्षांनी भावोजींनी कंपनी सोडून परळला एका जुन्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला. स्वतःचा स्टुडिओ. जुन्या कंपनीतले तिघे चांगल्या नोकऱ्या सोडून त्यांच्यामागे आले: एक चित्रं काढणारी, एक आवाज बसवणारा, एक प्रोग्रामर. बाकीची सगळी कामं माझ्याकडे. पहिल्या दिवशी गाळ्यात गेले तर भावोजी हातात कागद घेऊन माणसं बसवत होते. कंपनीत जो जिथे बसायचा, तो तिथेच. चित्रकार बाईंची जागा तिकडे संडासाच्या दारासमोर होती, म्हणून इथेही त्यांना संडासासमोर बसवलं. तिकडे खिडकी नव्हती, म्हणून इथल्या दोन चांगल्या खिडक्यांना पुठ्ठे लागले. निरोप समारंभाला कंपनीने घड्याळ देऊ केलं तेव्हा यांनी घड्याळ नको म्हणून आपली मोडकी खुर्ची मागून आणली होती. तीत बसलं की माणूस डावीकडे कलतो. वडापाव दादरच्या त्याच गाडीवरचा, आणून पोचेपर्यंत गार झालेला. मी एकदा विचारलं, “भावोजी, ह्यातल्या नक्की कशामुळे तो खेळ चालला?” ते डावीकडे कललेलेच होते. म्हणाले, “पदवीधर, माहीत असतं तर तेवढंच आणलं असतं. माहीत नाही म्हणून सगळं आणलं.”

मला हे तेव्हा वेडेपणाचं वाटलं. नंतर पटलं. मग पुन्हा वेडेपणाचं वाटलं. जो भेटेल तो त्यांना एकच विचारायचा, पुन्हा तसं जमेल का? तो पहिला खेळ आपण केला की आपल्या हातून नुसता झाला, हे त्यांना एकदाचं कळून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी तीन माणसांच्या नोकऱ्या त्यांच्या मोडक्या खुर्चीला टांगलेल्या होत्या.

दुसऱ्या खेळाचा विषय चाळीचा नळ. पाणी जायच्या आत मजल्यावरची सगळी पिंपं भरायची. विषय उत्तम होता. खेळायला घेतला की मला मात्र जांभया यायच्या आणि कारण कळायचं नाही. भावोजींनी तो चाळभर फिरवला. पण आता चाळीला ते मासळीवाल्या खेळाचे कर्ते म्हणून ठाऊक, त्यामुळे ज्याला दाखवाल तो हात जोडूनच फोन घ्यायचा. सगळीकडून एकच उत्तर, “झकास.” शेवटची आशा आई. पण तिचे आता ते जावई. ती डोक्यावर पदर घेऊन खेळली. त्यांच्यासमोर ती मालवणीसुद्धा बोलत नाही. “छान आहे हो, जावईबापू. डोळ्यांना गार वाटतं,” म्हणाली आणि पोहे करायला उठली. भावोजी बिचारे तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठासुद्धा अदबीने चालत होता.

मग मीच एक लबाडी केली. भावोजींना गॅलरीत दाराच्या आडोशाला उभं केलं आणि आईला फोन देऊन सांगितलं, माझ्या कॉलेजातल्या एका पोराने बनवलाय, बघ जरा. आईने पदर खोचला. पाचव्या मिनिटाला सुरू झाली. “रांगेत सगळे गप कशे उभे? कोण मधी घुसणा नाय, कोण बादली सरकवणा नाय. ह्यो नळ आसा काय देऊळ? ज्येणी ह्यां केल्यान, तेणी जन्मात कधी पाणी भरूक नाय.”

भावोजी आत आले. आईचा पदर डोक्यावर गेला, भाषा शुद्ध झाली, चहा ठेवू का, वगैरे. ते खाली तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “आई, मी रोज तुमच्या मागे उभा असायचो.”

खेळ कोणाचा होता ते आईला कळलं. ती फोन पदराने पुसत बसली. मग हळूच म्हणाली, “असायचात ना. तुम्ही कधी मधे घुसला नाहीत. तुमची बादली पुढे सरकवायचं भांडण मी करायचे.”

 दुसऱ्या दिवशी भावोजींनी गाळ्यातल्या खिडक्यांचे पुठ्ठे काढले. चित्रकार बाईंना हवी तिथे बसा म्हणाले, आणि खेळातल्या रांगेत भांडण घालायला सुरुवात केली. आईला रोज गाळ्यात नेऊ लागले. मात्र ‘मेल्या’ म्हणा, असं त्यांनी किती विनवलं तरी ती म्हणत नाही. आवडलं नाही की “बरं आहे हो” म्हणते आणि आवडलं की गप्प राहते, एवढं आता त्यांना उमगलं आहे.

पुन्हा तसं जमलं का, हे मला अजून सांगता येत नाही. पहिल्यासारखा तो गाजला नाही. कोळणींच्या मांडीवर मला तो दिसला नाही. पण नळाचा खेळ पूर्ण झाला, लोक खेळतात, तिघांच्या नोकऱ्या टिकल्या, आणि खेळाच्या शेवटी नावं येतात त्यात ‘भांडण’ या शब्दापुढे माझ्या आईचं नाव आहे.