चिंचेने घासलेला हत्ती

बायकोने तांब्याची घागर चिंचेने घासायला घेतली की त्या आंबट वासाने माझं डोकं आजही फिरतं. वास नाकात गेला की मी थेट जुन्नरच्या बाजारपेठेत, मोडीचं दुकान चालवणाऱ्या चाचांसमोर जाऊन उभा राहतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोडीत आलेल्या भांड्यांच्या ढिगात मला सातवाहनांचं एक तांब्याचं नाणं दिसलं. हिरवट काळ्या थराखाली सोंड वर केलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं. जुनी नाणी जमवायचा मला नाद, ते हवंच होतं, पण भाव पाडायचा तर नाक मुरडायलाच हवं. "फार काळं आहे हो. असलं कोण घेणार?" असं म्हणून मी मुद्दाम उठून गेलो. आठवडाभर राहू द्यावं, चाचा आपोआप खाली येतील, हा माझा शहाणपणा.

पुढच्या आठवड्यात चाचांनी मोठ्या कौतुकाने नाणं माझ्या हातावर ठेवलं. त्याला अजून चिंचेचा वास येत होता. नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा, अक्षरांच्या जागी गुळगुळीत तांबं.

"भाऊ, तुमीच म्हनला व्हता ना, लई काळं हाय. चिंच लावली, वाळूनं घासलं. आता बगा."

चिडणार कुणावर? वर घासायची मजुरी धरून त्यांनी भावही वाढवला होता. तोही मी दिला.

परवा नाण्यांचा डबा उघडला तेव्हा बायको डोकावली.

"तुमच्या सगळ्या नाण्यांत एवढं एकच जरा बरं दिसतंय," म्हणाली.