पाचवं रीडिंग आणि सरांचा मेमो

"हे खोड आणि इथं बारा लिही," सांगलीहून आलेले एक्स्टर्नल म्हणाले. "नाहीतर पास करणार नाही."

"सर, ठिपका सतरावर गेला, म्हणून सतराच लिवलं." सानिया म्हणाली. तिनं पेन काही उचललं नाही.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. कराडजवळचं आमचं कॉलेज. मी फिजिक्स लॅबचा अटेंडंट, पोरं मला मामा म्हणतात. एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक. सानिया कडेगावच्या एका टेलरची मुलगी, रोज एसटीनं यायची. नापास झाली असती तर शिक्षण तिथंच संपलं असतं. घरात लग्नाची बोलणी सुरूच होती.

तिच्या टेबलावर गॅल्व्हानोमीटर होता. त्यात बारीक तारेला वेटोळं टांगलेलं असतं आणि त्याला इवलासा आरसा. दिव्याचा उजेड आरशावरून समोरच्या पट्टीवर पडतो, त्याचा ठिपका दिसतो. वीज सोडली की ठिपका झटक्यात सरकतो. किती सरकला ते लिहायचं, ते रीडिंग. तिच्या सहापैकी पाच रीडिंग बाराच्या आसपास होती. पाचवं तेवढं सतरा, शेजारी वेळ ११.२३.

प्रत्येक रीडिंगशेजारी वेळ लिहायची सवय आमच्या माने सरांनी लावलेली. पोरं वैतागायची. उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यावरून रीडिंग बनवणारे काय कमी असतात? सरांना त्याची भयंकर चीड. "उत्तर चुकलं तर मार्क कापीन. खोटं लिहिलंत तर लॅबबाहेर काढीन," हे ते पहिल्याच दिवशी सांगायचे.

सर नुकतेच दाराबाहेर फोनवर बोलून आत आले होते. एक्स्टर्नल त्यांच्यावरच घसरले.

"परीक्षा चालू असताना तुम्ही फोन घेता, आणि विद्यार्थ्यांना ही शिस्त?"

"घरचा फोन होता. तो मी घेणारच. काय करायचं ते करा."

आता सरांच्या घरचं सांगतो. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. ती कोयनानगर सोडायला तयार नव्हती, म्हणून सर रोज एवढ्या लांबून एसटीनं यायचे. मीटिंग लांबली की सरळ उठायचे. "माझी गाडी चुकंल," म्हणायचे. कधी पिशवीत आईसाठी मऊ केळी, कधी बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी, गजरा. लोक हसायचे, हसू देत. कोयनेत भूकंपानं जमीन हलली की वहिनींनी लगेच फोन करायचा, हा घरातला नियम. तो सर तासाला असले तरी घेत.

एवढ्यात सरांनी सानियाचा कागद उचलला. मग खिशातून मोबाइल काढून एक्स्टर्नलपुढं धरला.

"११.२४. बायकोचा फोन. धक्का बसला, मांडणीवरची भांडी वाजली, आई ठीक आहे. आता हिची वेळ बघा."

"इथं तर कुणालाच काही जाणवलं नाही."

"माणसाला नाही जाणवलं. तारेला जाणवलं."

एक्स्टर्नल काही केल्या ऐकेनात. शेवटी प्राचार्य आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मामा, टेबलाला धक्का लागला असं लिहून द्या. विषय मिटवा."

अहो, मी टेबलापासून दोनच हात अंतरावर उभा होतो! टेबलाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. "न्हाई साहेब," मी म्हटलं, "पोरीनं खोटं लिवलं न्हाई, मी कशाला लिवू?"

मग सर शांतपणे म्हणाले, "सतरा बाजूला ठेवा. उरलेल्या पाचांवरून उत्तर काढा." एक्स्टर्नलनी कॅल्क्युलेटर ओढला. उत्तर बरोबर आलं. त्यांनी मान खाली घालून मार्क दिले आणि सही केली. सानिया तिथंच रडायला लागली. मलाही आवरेना.

सरांना मात्र परीक्षेत फोन घेतला म्हणून मेमो मिळाला. त्यांनी तो घरी नेऊन वहिनींना दाखवला, दुसऱ्या दिवशी परत आणला आणि लॅबच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला.

गेल्या वर्षी सर गेले. सानिया आता औंधकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना वेळ लिहायला लावते. मीही सरांकडून एक शिकलो. जे रीडिंग जुळत नाही, ते खोडायला फार घाई करू नये.

परवा प्रॅक्टिकल चालू असताना माझा फोन वाजला. वहिनी होत्या. सर गेल्यापासून त्या मलाच फोन करतात. "मामा, भांडी वाजली. घरी समदं ठीक हाय." मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टिपून घेतली.

नवीन विभागप्रमुख ओरडले, "लॅबमध्ये फोन? मेमो देऊ का?"

"द्या की साहेब," मी म्हटलं. "कपाटाच्या दारावर अजून एकाची जागा हाय."