अमावस्येची वही

इंझोरीत अमावस्येची वाट पाहणारी एकच बाई आहे, मनकर्णाबाई. वांगी-मेथी पिकवते, मंगरूळपीरच्या बाजारात विकते, आणि तिच्या मळ्यात एक दुर्बीण आहे, बदली होऊन निघालेल्या मास्तरांकडून जुनी घेतलेली. अमावस्येला बाई मळ्यात जाते म्हणून गावानं नावं ठेवली. मी तिचा शेजारी, पण मीही हसलो. आता त्याची लाज वाटते.

कार्तिक अमावस्येला तिनं सगळ्यांना देवयानी दीर्घिका बघायला बोलावलं. मोबाईलमधलं अ‍ॅप म्हणत होतं, चंद्र नाही, ढग नाही. खरंच होतं ते. पण तो आठवडा शेतीच्या लाईनच्या रात्रपाळीचा होता, वीज रात्रीच यायची, हे अ‍ॅपला कोण सांगणार? आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर एक बल्ब चालूच सोडलेला असतो, लाईट आली की घरून दिसावं म्हणून. आठला लाईट आली, शिवारभर बल्ब पेटले आणि ती पुसट देवयानी दिसेनाशी झाली.

तिचा दीर जगदेव सगळ्यांदेखत म्हणाला, "वयनी, पुढच्या बारीले काई दिसलं नाई, तं हा डब्बा भंगारात घाला."

"घालीन," ती म्हणाली. "पन पुढची बारी तं येऊ द्या!"

मग तिनं वही केली. तिथी कॅलेंडरवरून, ढग अ‍ॅपवरून, आणि लाईनची पाळी वायरमन धनसिंगला गाठून. तिन्ही रकाने जुळले ते मार्गशीर्ष अमावस्येला.

त्या संध्याकाळी वीसेक माणसं आली. निम्मी तर डब्बा भंगारात जाताना बघायला. अंधार छान पडला होता. तिनं दुर्बिणीत देवयानी धरली, आणि तेवढ्यात शेजारच्या धुऱ्यावर, बांधावर, भपकन उजेड झाला. जगदेवचा बल्ब! लाईनची तर दिवसपाळी होती. त्यानं मुद्दाम गावातल्या लाईनवरून वायर ओढली होती. माझं डोकं फिरलं.

मनकर्णाबाई सरळ निघाली. धुरा ओलांडला, हाताला पदर गुंडाळला, तापलेला बल्ब फिरवून काढला आणि घेऊन आली. मागे जगदेव धावत.

"वयनी, माया बल्ब द्या!"

"पह्यले पाहा, मंग घ्या."

इतक्या लोकांत माघार कशी घेणार? तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"हे पुसटसं... हेच काय?"

"हेच. पंचवीस लाख वर्सांखाली निघालेला उजेड हाय हा, भाऊजी. इथं येऊन तुमच्या बल्बापायी अडला."

जगदेव डोळा काढेना. मागून त्याचीच सून राखी ओरडली, "मामाजी, सरका ना! आमालेबी पाहू द्या!"

दुर्बीण आजही मळ्यात आहे. वहीत मात्र आता चार रकाने आहेत: तिथी, ढग, लाईन, आणि जगदेवभाऊजींचा बल्ब.