दमणच्या लढाईचा बावटा

बंदरावर धोक्याचा बावटा चढला की आमच्याकडे कुणी वाद घालत नसे. समुद्र कितीही शांत दिसो, होड्या ओढून वर घ्यायच्या आणि वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील उतरवून घरात रचायचे. लग्न होऊन मी वाढवणला आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाआधी मला हे शिकवलं.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात असाच बावटा चढला. आभाळ निरभ्र, वारा कोरडा. बोंबील वाळायला याहून चांगले दिवस नसतात. तरी सगळ्यांनी निमूट बोंबील उतरवले. अर्धे ओले मासे घरात रचले की काय होतं ते सांगायला नको. वास सुटला, अळ्या पडल्या, वादळाचा मात्र पत्ता नाही. मग उत्तरेकडे विमानं गेली, धडाधड आवाज आले, आणि कळलं की दमणवर आपली फौज चालून गेली आहे. समुद्रात आमच्या होड्या नकोत म्हणून वादळाची आवई उठवली होती!

लपवलं कुणापासून हो हे? आशागडच्या बाजारातल्या बायका तर आधीपासूनच तलासरीच्या रस्त्याने गेलेल्या फौजेच्या लॉऱ्यांच्या गोष्टी सांगत होत्या. लढाई आहे, घरी बसा, असं सांगितलं असतं तर आम्ही काय होड्या वल्हवत पोर्तुगीजांकडे चुगली करायला जाणार होतो? माझी सख्खी बहीण दमणला दिलेली. दमण मोकळं झालं तेव्हा आम्ही नासलेले बोंबील उकिरड्यावर टाकून हात धुतले आणि पेढे वाटले. राग लढाईचा नव्हताच.

आमचे हे बंदरावरच्या साहेबाकडे गेले. म्हणाले, "साहेब, तो बावटा खोटा होता, एवढं एकदा बोला. म्हणजे पुढचा लागंल तो खरा, असं आमी धरून चालू."

"वादळाचीच सूचना होती," साहेब म्हणाला. "वादळ वळलं."

पेपरात लढाईचं सगळं छापून आल्यावरही त्याचं तेच. त्याने खोटा बावटा चढवला यापेक्षा ते खोटं गिळून ढिम्म बसला, याची मला आजही जास्त चीड येते. एवढं एक वाक्य बोलायला त्याच्या जिभेला काय झालं होतं?

पुढच्या हंगामात बावटा पुन्हा चढला. आभाळ तसंच निरभ्र. सासूबाई टोपली घेऊन वलांडीकडे निघाल्या, तर हे हसले.

"आज कुठं लढाई लागली गं आये? राहू दे बोंबील."

किनाऱ्यावर सगळेच हसले. यांनी होडी लोटली.

दुपारनंतर आलं ते वादळ खरं होतं. होडी परत आली नाही, तिच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

साहेब चौकशीला आला. दारात उभा राहून म्हणाला, "मी बावटा चढवला होता. तुम्ही लोक ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

सासूबाई आत बसल्या होत्या, त्या दिवशी त्यांनी एकटीने उतरवून रचलेल्या बोंबलांच्या ढिगाशी. त्या उठून दारात आल्या.

"मी ऐकलं ना, साहेब. दोन्ही वेळा ऐकलं. माझा लेकपण तुमच्याकडे ऐकायलाच आलता. तवा का नाय बोललात?"